पाळीच्या मध्यात ओटीपोट दुखतं तेव्हा: ओळख, नोंद आणि उपाय

पाळी जाऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, पुढची अजून लांब असते, आणि अचानक ओटीपोटात एका बाजूला कळ येते. कधी टोचल्यासारखी, कधी नुसती जडजड. खोकलं, जिन्यावरून भरभर उतरलं, रिक्षा खड्ड्यात आदळली की ती जास्त जाणवते. काही तासांत थांबते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच सुमारास येते. बऱ्याच जणी याला गॅस म्हणतात, काहींना अपेंडिक्सची भीती वाटते. अनेकदा ते बीजविमोचनाचं, म्हणजे ओव्ह्युलेशनचं दुखणं असतं. वैद्यकात त्याला ‘मिटेलश्मर्झ’ म्हणतात. शब्द जर्मन आहे आणि अर्थ अगदी सरळ: मधलं दुखणं.

हे दुखणं तेच आहे की दुसरं काही, हे ठरवायला महागडी तपासणी लागत नाही. एक वही आणि तीन पाळ्यांची नीट नोंद लागते. ती कशी करायची ते पुढे सांगितलं आहे. आधी एक हिशेब दुरुस्त करायला हवा, कारण जवळजवळ सगळा घोळ तिथेच होतो.

दिवस मागून मोजा

‘चौदाव्या दिवशी बीज सुटतं’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते फक्त 28 दिवसांच्या चक्राला लागू पडतं. पाळी सुरू झाल्यापासून बीज सुटेपर्यंतचा काळ बाईगणिक आणि महिन्यागणिक बदलतो. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ मात्र बराच स्थिर असतो, साधारण 12 ते 14 दिवस. म्हणून पुढच्या पाळीच्या तारखेपासून उलटं मोजायचं.

समजा पाळी 3 जूनला आली आणि पुढची 5 जुलैला. चक्र 32 दिवसांचं झालं. 5 जुलैपासून 14 दिवस मागे गेलं की 21 जून येतो. त्याच्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे दुखलं असेल तर बीजविमोचनाची शंका रास्त आहे. ‘चौदावा दिवस’ धरून बसलात तर 16 जूनकडे बघत राहाल आणि 21 तारखेचं दुखणं भलत्याच खात्यात टाकाल. याउलट चक्र 24 दिवसांचं असेल तर पाळी संपल्यावर पाच-सहा दिवसांतच कळ येते आणि ‘पाळी गेली तरी पोट दुखतंय’ अशी काळजी लागते. प्रौढ वयात 21 ते 35 दिवसांचं चक्र सर्वसाधारण मानतात. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींत पहिली काही वर्षं ते 45 दिवसांपर्यंतही लांबतं, आणि त्यांच्यात प्रत्येक चक्रात बीज सुटतंच असं नाही.

आत काय घडतं

पाळीच्या पहिल्या दिवसांपासून बीजकोशात, म्हणजे ओव्हरीत, द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्या, म्हणजे फॉलिकल, वाढू लागतात. त्यांतली सहसा एकच पुढे निघते आणि साधारण 18 ते 24 मिलिमीटरची होते, म्हणजे मध्यम आकाराच्या द्राक्षाएवढी. तिच्या ताणाने बीजकोशाचं आवरण ओढलं जातं. मग मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक एकदम वाढतं आणि ती वाढ सुरू झाल्यापासून साधारण 36 तासांत पिशवी फुटून बीज बाहेर पडतं. सोबत पिशवीतला द्रव आणि कधी थोडं रक्त पोटाच्या पोकळीत उतरतं. पोटाच्या आतलं अस्तर फार हुळहुळं असतं, त्याला हे सोसत नाही. म्हणून काही जणींना बीज सुटण्याआधी ताणाचं दुखतं, काहींना सुटल्यावर. 2008 साली बेल्जियममध्ये एका शस्त्रक्रियेदरम्यान मानवी बीज बाहेर पडतानाची दृश्यं टिपली गेली. ते क्षणार्धात फट्कन घडत नाही, हळूहळू बाहेर येतं, सुमारे पाव तास लागतो.

या महिन्यात उजवीकडे दुखलं तर पुढच्या महिन्यात डावीकडेच दुखणार, असा नेम नाही. सलग दोन-तीन महिने एकाच बाजूचं बीज सुटू शकतं. आणि ज्यांना हे दुखणं कधीच जाणवत नाही त्यांचंही बीज व्यवस्थित सुटत असतं. दुखत नाही म्हणजे काही बिघडलंय, असं मुळीच नाही.

अंगावरून पांढरं जाणं: कुठलं घाबरण्यासारखं आणि कुठलं नाही

बीजविमोचनाची सगळ्यात भरवशाची खूण पोटात नसते, ती स्रावात असते. पाळी गेल्यावर दोन-चार दिवस कोरडं वाटतं. मग खळीसारखा चिकट स्राव, नंतर सायीसारखा, आणि बीज सुटायच्या आधीचे दोन-तीन दिवस पारदर्शक, बुळबुळीत, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा. अंड्याशी संबंध नसेल तर कोरफडीचं पान कापल्यावर निघणारा गर आठवा. बीज सुटलं की एक-दोन दिवसांत तो आटतो, घट्ट होतो.

हा स्राव गर्भाशयाच्या मुखातून येतो आणि शुक्रजंतूंना वर जायला वाट करून देतो. ‘अंगावरून गेल्याने हाडं झिजतात, अशक्तपणा येतो’ ही आपल्याकडची समजूत खोटी आहे. त्यात हाडातलं काहीही बाहेर जात नाही. या समजुतीपायी अनेक जणी निरोगी स्रावावर वर्षानुवर्षं औषधं घेतात, हे थांबायला हवं.

तपासायची रीत साधी आहे. लघवीला जाण्यापूर्वी, हात धुवून, बाहेरच्या बाजूनेच पांढऱ्या टिश्यूने किंवा बोटाने टिपायचं. बोट आत घालायची गरज नाही. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हळू ताणायचं. दोन-अडीच सेंटिमीटर किंवा जास्त न तुटता ताणला गेला, तर बीज सुटायचे दिवस आहेत. असा बुळबुळीत स्राव ज्या दिवशी शेवटचा दिसतो, त्याच्या एक-दोन दिवस मागेपुढे बहुधा बीज सुटतं. संबंधानंतर लगेच तपासू नका, वीर्य तसंच दिसतं. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनी स्राव कोरडा पडतो, त्यामुळे त्या दिवसांची नोंद कच्ची धरा. सुगंधी वॉश किंवा साबण आतून लावू नका. आतलं नैसर्गिक आम्ल कमी झालं की संसर्गाला आयतं आमंत्रण मिळतं.

आता दुसरी बाजू. दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव आणि खाज असेल तर बुरशीचा संसर्ग. करडा, पातळ, मासळीसारखा वास असलेला असेल तर जिवाणूंचं संतुलन बिघडलंय. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग असू शकतो, आणि तेव्हा जोडीदारावरही उपचार लागतात. यांतलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. मैत्रिणीला लागू पडलेली कॅप्सूल आणून ठेवू नका.

बाकीचे बदल

पोट फुगल्यासारखं वाटणं, थोडी मळमळ, कंबर भरून येणं, संबंधाची इच्छा वाढणं, आणि त्याच दिवसांत खोलवर संबंधाच्या वेळी एका बाजूला दुखणं, हे सगळं या काळात होऊ शकतं. स्तन हुळहुळे होणं, जड होणं मात्र सहसा बीज सुटल्यानंतर सुरू होतं, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढल्यावर, आणि पाळी येईपर्यंत टिकतं. घट्ट मापाची ब्रा त्यात भर घालते. धावताना किंवा दुचाकीवर आधार देणारी, नीट मापाची ब्रा वापरली तर फरक पडतो. गाठ चाचपून बघायची असेल तर ती या दिवसांत नको, पाळी सुरू झाल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी बघा. तेव्हा स्तन मऊ असतात आणि खरी गाठ हाताला लागते.

काही जणींना मधेच गुलाबी किंवा तपकिरी डाग पडतो. बीज सुटताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक थोडा वेळ खाली येतं आणि गर्भाशयाच्या अस्तराचा किंचित भाग सुटतो. हा डाग काही तास ते एक-दोन दिवस, तोही पँटीवर लागण्यापुरता. पॅड लावावं लागलं तर ते या कारणाने नाही. संबंधानंतर रक्त दिसणं, पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसणं, किंवा चाळिशीत मधेमधे वारंवार डाग पडणं, यांची तपासणी करून घ्यायलाच हवी.

तीन पाळ्यांची नोंद

ॲप चालेल, पण ॲप पुढची तारीख अंदाजाने सांगतं. तुमच्या शरीराने काय केलं ते तुम्हीच लिहायला हवं. साधी वही घ्या, दर दिवसाला एक ओळ. पाळीचा पहिला दिवस म्हणजे भरपूर रक्त सुरू झाल्याचा दिवस. आदल्या दिवशी नुसता डाग पडला असेल तर तो मोजायचा नाही. दुखलं त्या दिवशी पाच गोष्टी लिहा: कोणती बाजू, किती वाजता सुरू, किती तास, 0 ते 10 मध्ये किती, आणि कोणती गोळी घेतली. स्राव कसा होता ते एका शब्दात पुरे: कोरडा, चिकट, सायीसारखा, बुळबुळीत.

अधिक खात्री हवी असेल तर तापमान घ्या. ओव्ह्युलेशननंतर शरीराचं विश्रांतीतलं तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने, म्हणजे अर्ध्या ते एक अंश फॅरनहाइटने वाढतं आणि पुढच्या पाळीपर्यंत वर राहतं. फरक एवढासा असल्याने दशांशानंतर दोन अंक दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. तो उशाशी ठेवा. सकाळी जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, बोलण्याआधी, पाणी पिण्याआधी, जिभेखाली धरा आणि रोज शक्यतो त्याच वेळी. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस तापमान वर राहिलं तर बीज सुटून गेलं असं समजा. यात अडचणी ठरलेल्या आहेत: रात्रपाळी, बाळासाठी रात्री तीनदा उठणं, ताप, आदल्या रात्रीचं मद्य. त्या दिवसाच्या आकड्याभोवती गोल करा आणि तो सोडून द्या. लक्षात घ्या, तापमान बीज सुटल्याचं नंतर सांगतं, आधी नाही.

आधी कळायला औषधाच्या दुकानात मिळणारी एलएचची पट्टी आहे. पुढच्या पाळीच्या अंदाजे 17 दिवस आधीपासून रोज एकदा, दुपारी किंवा संध्याकाळी, आधी दोन तास फार पाणी न पिता लघवी तपासायची. चाचणीची रेष तुलनेच्या रेषेइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद झाली तरच ‘हो’. फिकट दुसरी रेष म्हणजे ‘नाही’. गरोदरपणाच्या पट्टीत फिकट रेषही मोजतात, त्या सवयीने इथे फसगत होते. ठरलेल्या वेळेनंतर वाळलेली पट्टी वाचू नका. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार, असलेल्यांत एलएच मुळातच चढं असू शकतं, त्यामुळे पट्टी पुन्हा पुन्हा खोटं ‘हो’ दाखवते. त्यांनी तिच्या भरवशावर राहू नये.

गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर तो महिना नोंदीत धरू नका, पुढचाही सावधपणे वाचा. आणि या नोंदीवर किंवा दुखण्यावर विसंबून गर्भनिरोधन करू नका. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. कळ येईपर्यंत उशीर झालेला असतो.

दुखत असताना काय करायचं

आधी शेक. रबरी पिशवीत गरम पाणी भरा, उकळतं नाही. पिशवी दोन तृतीयांश भरून हवा काढून झाकण लावा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि 15 ते 20 मिनिटं ओटीपोटावर ठेवा. झोपताना ठेवू नका. रोज तासन् तास शेकल्याने कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात आणि ते लवकर जात नाहीत. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडल्याने ओटीपोटाचे स्नायू सैल पडतात.

एवढ्याने भागलं नाही तर पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, एक किंवा दोन गोळ्या, दोन मात्रांमध्ये किमान सहा तास. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल तर एका वेळी एकच. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, वेष्टन वाचा, नाहीतर मात्रा नकळत दुप्पट होते. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

इबुप्रोफेन या दुखण्यावर चांगलं चालतं: 400 मिलिग्रॅम, जेवल्यावर, आठ तासांच्या अंतराने, स्वतःच्या मनाने दिवसात 1200 मिलिग्रॅमच्या वर नाही. पण उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी ते घेऊ नका. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गोळ्यांनी वाढणारा दमा असेल तर घेऊ नका. पावसाळ्यात सोबत ताप असेल तर तर अजिबात नको, डेंग्यू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ज्या बाळासाठी प्रयत्न करत आहेत त्यांनी या दिवसांत पॅरासिटामॉलच घ्यावं. इबुप्रोफेनच्या गटातल्या औषधांनी पिशवी फुटायला उशीर होऊ शकतो, कधी ती फुटतच नाही, आणि तो महिना वाया जातो. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिनची गोळी आपल्याकडे घरोघरी असते. मेफेनॅमिक ॲसिडही इबुप्रोफेनच्याच गटातलं, म्हणून दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत. इंडियन फार्माकोपिया कमिशनने 2023 च्या अखेरीस त्याबद्दल सावधगिरीची सूचना दिली होती: क्वचित तीव्र ॲलर्जी होते, अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं. यांपैकी काही दिसलं तर गोळी बंद आणि डॉक्टर गाठा.

फुगलेल्या पोटासाठी त्या दोन-तीन दिवसांत छोले, राजमा, पावटे, कोबी कमी करा, पापड-लोणचंही. उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि ताक हलकं पडतं. ओव्याचं कोमट पाणी गॅसला बरं, बीजकोशाच्या दुखण्यावर ते औषध नव्हे. निर्जळी उपवास या दिवसांत आला आणि मळमळ होत असेल तर पाणी घ्या.

हे ओव्ह्युलेशन नाही, उठा

कळ काही तासांत उतरणीला लागते. फार तर दोन दिवस. ती वाढत चालली असेल तर वाट बघू नका. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं, भूक मेलेली, उलटी, चालताना वाकून चालावं लागणं, हे अपेंडिक्सचं चित्र आहे. एकदम असह्य कळ आणि उलट्या, विशेषतः आधी बीजकोशात गाठ सांगितलेली असेल, तर बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो, उशीर झाला तर बीजकोश गमवावा लागतो. पाळी चुकलीय किंवा नेहमीपेक्षा वेगळी, कमी आलीय आणि एका बाजूला दुखतंय, सोबत चक्कर किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं, तर गर्भनलिकेतला गर्भ फुटलेला असू शकतो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असली तरी ही शक्यता उरते. अशा वेळी 108 ला फोन करा, दुचाकीवर बसून जाऊ नका. चक्कर किंवा घेरी नसेल आणि नुसती पाळी पुढे गेली असेल, तर घरी लघवीवरची गरोदरपणाची चाचणी लगेच करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ताप, दोन्ही बाजूंना दुखणं आणि दुर्गंधी स्राव असेल तर ओटीपोटातला संसर्ग. लघवीला जळजळ असेल तर लघवीचा. कमरेतून जांघेत उतरणारी, थांबून थांबून येणारी, एका जागी बसू न देणारी कळ असेल तर मुतखडा.

हृदयाच्या झडपेसाठी किंवा गुठळीसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तुमचा नियम वेगळा. बीज सुटताना होणारा किंचित रक्तस्राव अशांत थांबत नाही आणि पोटात रक्त साठू शकतं. मधल्या दिवसांत पोट दुखून घेरी आली तर लगेच रुग्णालयात जा आणि गोळीचं नाव पहिल्या वाक्यात सांगा.

सोनोग्राफीचा कागद

दुखत असताना सोनोग्राफी केली की अहवालात ‘डॉमिनंट फॉलिकल 20 मिमी’, ‘पीओडीमध्ये थोडा फ्री फ्लुइड’ (म्हणजे गर्भाशयामागच्या खोलगट जागेत थोडं पाणी) किंवा ‘साधी सिस्ट 2.5 सेंमी’ असं येतं आणि ‘बीजकोशात गाठ आहे, पाणी झालंय’ म्हणून घर हादरतं. पाळी चालू असलेल्या वयात 3 सेंटिमीटरपर्यंतची साधी, पातळ भिंतीची पिशवी बहुधा त्या महिन्याचं फॉलिकल किंवा त्याचा अवशेष असतो, आणि थोडं पाणी म्हणजे नुकतंच बाहेर पडलेलं द्रव. डॉक्टरांना विचारा की पुढच्या एखाद्या पाळीनंतर, पाचव्या ते सातव्या दिवशी, पुन्हा सोनोग्राफी करून बघायची का. तोवर ती बहुतेकदा विरलेली असते.

दर महिन्याला आडवं पाडत असेल तर

तीनही महिने 6 च्या वर आकडा लिहिला असेल, कामावर दांडी पडत असेल, किंवा पाळीतलं दुखणं वर्षागणिक वाढतंय, संबंधाच्या आणि शौचाच्या वेळीही दुखतंय, तर एंडोमेट्रिऑसिसचा, म्हणजे गर्भाशयासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा. ‘लग्न झालं की थांबेल’, ‘मूल झालं की थांबेल’ हा उपचार नाही.

मूल सध्या नको असेल तर बीजविमोचनच थांबवणारी साधनं हे दुखणं थांबवतात. सरकारी केंद्रात मिळणारी माला-एन ही गोळी आणि तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन त्या प्रकारची. आठवड्याला घ्यायची छाया गोळी बहुधा बीज सुटणं थांबवत नाही आणि तांबीही नाही, म्हणून ‘साधन वापरते तरी मधे दुखतं’ यात आश्चर्य नाही. माला-एनसारख्या गोळ्या रक्तदाब, रक्तात गुठळी झालेली असणं, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतर तंबाखूचं धूम्रपान, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं, यांत चालत नाहीत. हे विचारलं नाही तर स्वतःहून सांगा.

तपासणीला जाताना वही न्या, चालू गोळ्यांची पाकिटं न्या, आणि तिन्ही पाळ्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा वेगळ्या एका चिठ्ठीवर लिहून न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.